आपल्याजवळचे वाण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी चार शब्द बोलावे असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, आणि विषयही त्यांनीच नेमून दिला : 'आपल्यातील गुण ओळखा व त्यांचा उपयोग करा.' विषय ऐकून मी जरा संकोचले. कारण या बाबतीत उपदेश करण्याचा अधिकार माझा नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर एक मोठा गुण वावरत होता. तो मी ओळखला नाही. इतकेच नव्हे, तर तो 'नाही' असे सरकारी कागदावर माझ्याच हाताने लिहून दिले. ती चूक आज तुमच्यापुढे सांगते. माझ्या चुकीतून तुम्हांला काही मिळाले, तर हे बोलणे सार्थकी लागेल.

1981 साली जनगणना झाली. मी तेव्हा नुकतीच प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते, आणि शिक्षकांकडे हे काम असतेच. आमचीच गल्ली माझ्या वाट्याला आली. घरोघर हिंडून शेवटी मी आमच्या घरी आले आणि आईला रीतसर विचारले, "काय काम करता?" आई चुलीपुढून म्हणाली, "अगं, मी कशाचं काम करते! घरीच तर असते. लिही, काही नाही म्हणून." मी हसले आणि तिने सांगितले तसेच लिहिले.

आता ती बाई काय करीत होती ते ऐका. रब्बीची ज्वारी काढणीला आली, की ती काढणीच्या आधी एकटी रानात फिरायची. भरदार, निरोगी कणीस दिसले की त्याच्या ताटाला चिंधी बांधायची. ती कणसे वेगळी खुडून, वाळवून, हाताने झोडून त्यांचे दाणे राखेत घोळून मडक्यात भरायची आणि वर कडुनिंबाचा पाला घालायची. हुरड्याची गूळभेंडी वेगळी, भाकरीची वेगळी. वाल, दोडका, काकडी यांचे बी वाळलेल्या भोपळ्यांत भरून आढ्याला टांगलेले असायचे. पेरणीच्या आधी ती ओल्या फडक्यात वीस दाणे बांधून ठेवायची, आणि किती उगवले ते पाहून बी दाट पेरायचे की पातळ, हे वडिलांना सांगायची. अर्ध्या गावच्या बायका तिच्याकडे बियाणे मागायला येत. आणि मी लिहिले, 'काही नाही.'

पुढे आई गेली. घर दुरुस्तीला काढले तेव्हा आढ्याचे ते भोपळे, आत काय आहे हे न पाहता, मी उकिरड्यावर टाकून दिले.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, 2021 च्या नोव्हेंबरात, राष्ट्रपतींच्या हस्ते पद्मश्री स्वीकारताना राहीबाई पोपेरे दूरदर्शनवर दिसल्या. आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे हे त्यांचे गाव. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. घरच्या गावरान वाणांचे बी जपायचे, लावायचे, दुसऱ्याला द्यायचे, हे त्यांचे काम. 'बायफ' या संस्थेतील जाणत्या माणसांनी ते काम पाहिले, त्याचे मोल जाणले आणि त्याला शास्त्राची जोड दिली. त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकरांसारख्या शास्त्रज्ञाने त्यांना बीजमाता म्हटले. हे ऐकताना मला आढ्याचे ते भोपळे आठवले. माझी आई राहीबाईंइतकी थोर होती असे मी म्हणत नाही. पण तिचा गुण त्याच जातीचा होता, आणि तो पाहणारे माणूस घरात नव्हते. होते, पण ते शिकलेले होते!

असे का होते? याचे उत्तर आपल्या बालाघाटाच्या खडकाळ उतारावर आहे. सीताफळ तेथे आपल्या आपण उगवते. त्याला कोणी पाणी घालीत नाही, म्हणून त्याला कोणी पीकही म्हणत नसे. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपल्याला कळले की हे सर्वत्र होत नाही. माणसाच्या गुणाचेही तसेच आहे. जे कष्टाने साधते त्याची आपण मोजदाद ठेवतो. जे सहज येते ते 'त्यात काय मोठेसे' म्हणून सोडून देतो. खरा गुण तर त्या सहज येणाऱ्यातच लपलेला असतो.

मग तो ओळखावा कसा? मला तीन खुणा सुचतात. पहिली, लोक आपल्या दाराशी कशासाठी येतात? कोणी बाळंतिणीचे विचारायला येते, कोणी अर्ज लिहून घ्यायला, कोणी भांडण मिटवायला. दुसरी, कोणत्या कामाने अंग दमते पण मन दमत नाही? आणि तिसरी, दुसरीला एखादे काम जमत नाही असे पाहून 'एवढे साधे हिला कसे येत नाही?' असे आपल्याला कोठे वाटते? जेथे असे वाटते, तेथे थांबावे. ते साधे नसते. ते आपल्याला साधलेले असते.

परंतु ओळख पटली म्हणजे काम झाले असे नाही. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे आपणां सर्वांना ठाऊक आहे. शाळा सहा किलोमीटर दूर. मुलगा कधी चालत, कधी पळत जाई. आपल्या जिल्ह्यात अशी कितीतरी मुले शाळेला पळत गेली असतील. तो गुण आहे असे कोणाच्या मनात आले? बारावीनंतर तो फौजेत गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला. स्पर्धेच्या धावण्याला त्याने 2015 साली सुरुवात केली. पुढे अमरीशकुमार या प्रशिक्षकांनी त्याला अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळवले. तीन हजार मीटरच्या या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्यावरच्या उड्या असतात. 1981 पासून टिकून राहिलेला राष्ट्रीय विक्रम त्याने 2018 साली मोडला. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि 2023 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. पाय मांडव्याचे होते. पण ते पाहणारा डोळा आणि रोजचा सराव मिळाला, तेव्हा त्यांचे चीज झाले.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, "बाई, तो पुरुष माणूस, फौजेत गेला. आम्ही चूल सोडून कोठे जाणार?" प्रश्न खोटा नाही. म्हणूनच तर मंडळ हवे. आपल्याच मंडळातली गोष्ट सांगते. आपली एक भगिनी दर वर्षी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. अक्षरओळख नाही. बचत गटाच्या हिशेबात एकदा चाळीस रुपयांचा घोळ झाला. ती शांतपणे म्हणाली, "फलाणीचा आषाढाचा हप्ता दोनदा धरलाय." वही पाहिली तर तसेच होते, आणि वही लिहिणारी मी होते! मग कळले, की अख्ख्या हंगामातल्या उसाच्या खेपा तिच्या तोंडी असतात. आम्ही तिला अंक शिकवले आणि एक छोटी वही दिली. पुढच्या हंगामाच्या शेवटी मुकादमाने उचल फिटली नाही असे सांगितले, तेव्हा तिने तारीखवार खेपा वाचून दाखवल्या आणि हिशेब पुन्हा करायला लावला. उचल फिटलेली निघाली. गुण तिचा पहिल्यापासूनच होता. तो कागदावर आला, तेव्हा तिच्या घामाचा पैसा तिच्या घरी आला.

आणखी एक उदाहरण माजलगावचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांत माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या आहेत. त्या बायकांना कोणी 'काय करता?' असे विचारले असते, तर "दळते" एवढेच उत्तर आले असते. दळता दळता आपण इतिहास सांगतो आहोत, हे ऐकणाऱ्यांनी ओळखले, म्हणून ते टिकले.

दोन इशारेही देते. एक असा, की गुणाचे ओझे होऊ देऊ नका. 'हिच्या भाकरी चांगल्या होतात' असे म्हणून लग्नकार्यात तिलाच दोनशे भाकरी थापायला बसवणे, हे गुणाचे कौतुक नव्हे. ती वेठबिगारी आहे. आणि दुसरा असा, की प्रत्येक गुण बाजारात मांडलाच पाहिजे असे नाही. रडणारीजवळ गप्प बसून राहता येणे, हाही गुणच. त्याचे दुकान निघत नाही.

व्यवस्थापनशास्त्राचे मोठे जाणकार पीटर ड्रकर यांनी एक सोपी रीत सांगितली आहे. एखादे महत्त्वाचे काम हाती घेताना त्यातून काय घडेल असे वाटते, ते लिहून ठेवावे. नऊ-दहा महिने किंवा वर्षभराने काय घडले ते त्याच्याशी ताडून पाहावे. काही वर्षे असे केले की आपले बळ कोठे आहे आणि कोठे नाही, हे आपले आपल्याला दिसू लागते. लिहिता न येणारीने लेकीला सांगून लिहवून घ्यावे. त्या निमित्ताने लेकीलाही आई कळेल.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. अलीकडे त्यात प्लास्टिकचे डबे आणि वाट्या फार झाल्या. येत्या संक्रांतीला प्रत्येकीने शेजारी बसलेल्या भगिनीचा एक गुण चारचौघींत बोलून दाखवावा, आणि पाहिलेला प्रसंग सांगून दाखवावा. नुसती स्तुती नको. चिटणीसबाईंनी तो वहीत उतरून घ्यावा. मग वर्षभर मंडळाची कामे त्या वहीवरून वाटावीत. जिला बोलता येते तिने तहसील कचेरीत जावे, जिला मोजता येते तिने पेटी सांभाळावी, जिला झाडपाला कळतो तिने मुलींना शिकवावे. हे वाण कोणालाही विकत आणावे लागणार नाही.

पुन्हा कधी जनगणनेचा माणूस तुमच्या दाराशी येईल आणि विचारील, "बाई, काय काम करता?" तेव्हा भगिनींनो, क्षणभर थांबा, आणि जे करता ते सगळे सांगा. त्याच्या कागदावर तेवढी जागा असेल-नसेल. पण कागद घेऊन आलेली ती कदाचित कोणाची तरी लेक असेल, आणि तिच्या कानांवर ते पडले पाहिजे.