काळाला दोष देऊ नका



सकाळपासून या व्यासपीठावर एकच गाऱ्हाणं ऐकतो आहे. काळ बदलला, मोबाइल आला, पोरं चर्चकडे फिरकत नाहीत. मला हे गाऱ्हाणं मान्य नाही. याहून कितीतरी कठीण काळात श्रद्धा टिकली आहे.

आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया आधी व्यापारी होते, मग फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९७ साली नागासाकीत आणखी २५ जणांबरोबर त्यांना क्रुसावर मारलं. पुढची हकिकत आपण प्रवचनांत फारशी सांगत नाही. १६१४ साली जपानने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हाकलले गेले, मारले गेले. दोनशेहून अधिक वर्षं ना मिस्सा, ना कुमसार, म्हणजे पापांची कबुली. तरी नागासाकीजवळच्या उराकामीच्या शेतकऱ्यांनी घरच्या घरी बाप्तिस्मे दिले, प्रार्थना लेकरांकडून पाठ करून घेतल्या. १८६५ साली नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये त्यांचे वंशज एका फ्रेंच फादरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, आमची श्रद्धा तुमचीच आहे. ते चर्च ज्या २६ हुतात्म्यांना वाहिलेलं आहे, त्यांत आपले गोन्सालो आहेत.

आणि आपण? आपल्याला कोणी अडवलंय? घटनेच्या २५व्या कलमाने धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे. धर्मनिरपेक्ष राज्य आपलं रक्षण करतं, त्याला शत्रू ठरवू नका. रविवारी क्लास असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा चालते. गंभीर पापांची कबुली वर्षातून एकदा तरी द्यावी, एवढंच चर्च बंधनकारक करतं. तेवढंही जमत नाही, पण फर्स्ट होली कम्युनियनच्या जेवणाला हॉल दोन वर्षं आधी बुक होतो!

तरुण विचारतात, आम्ही कुणाचं वाईट करत नाही, मग चर्चला कशाला जायचं? त्यांना उद्धट म्हणून गप्प करू नका. ती पोरं आपल्याकडे बघून विचारतात. सख्खे भाऊ वाडीच्या तुकड्यासाठी कोर्टात भांडतात, एकमेकांच्या मयतालाही जात नाहीत आणि रविवारी दोन वेगळ्या रांगांतून जाऊन एकच ख्रिस्तशरीर घेतात. येशूने स्पष्ट सांगितलं आहे की अर्पण वेदीपाशीच ठेव, आधी भावाशी समेट कर. एवढं वाक्य आपण पाळलं असतं, तर पोरांना चर्च कशासाठी हे समजावावं लागलं नसतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, याचा अभिमान आपण भाषणांत सांगतो आणि आपल्यातलेच कित्येक जण विहिरीसकट वाडी बिल्डरला देतात. देव घरात फोटोपुरता आणि व्यवहारात बिल्डर, हे मुलांना दिसतं. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, आपण ती त्यांच्या हातात दिलीच नाही.

मंडळींनो, आज संध्याकाळी इथे ठराव वाचले जातील. त्यांत मी एकाची भर घालतो: ज्यांचा भावाबहिणीशी जमिनीचा दावा चालू आहे, त्यांनी समेटाची पहिली बोलणी स्वतः केल्याशिवाय पॅरिश कौन्सिलवर पद घेऊ नये. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी बाहेर कुजबुजू नये. माईक इथे आहे, मी खाली बसतो, त्यांनी येऊन कारण सांगावं.