बाटलीतली चिठ्ठी आणि पेटीतला कागद
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणरायाला आपण विद्येची देवता म्हणतो. महाभारत लिहून घेताना अर्थ कळल्याखेरीज एकही श्लोक उतरवायचा नाही, असे त्याने व्यासांना कबूल केले होते म्हणे. आज त्याच्यासमोर जी गोष्ट सांगणार आहोत, ती अर्थ न कळता जपलेल्या एका कागदाची आहे. पण सुरुवात जरा दूरच्या किनाऱ्यापासून करू.

२०१८ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात वेज आयलंडजवळच्या वाळूत एका बाईंना एक जुनी बाटली सापडली. आत दोऱ्याने बांधलेली ओलसर सुरळी होती. उलगडून वाळवल्यावर जर्मन भाषेतला छापील मजकूर आणि मधल्या मोकळ्या जागी हाताने लिहिलेली पुसट अक्षरे दिसली. तारीख १२ जून १८८६, जहाजाचे नाव 'पाउला'. समुद्राचे प्रवाह कसे वाहतात हे कळावे म्हणून हॅम्बुर्गच्या जर्मन वेधशाळेने जहाजांवरून अशा हजारो बाटल्या सोडवल्या होत्या. चिठ्ठी सापडेल त्याने ती परत पाठवावी, एवढीच त्यांची विनंती.

तिथल्या संग्रहालयाने केवळ चिठ्ठीवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी जर्मनीत चौकशी केली, तेव्हा 'पाउला'च्या कप्तानाची हवामानाची नोंदवही मिळाली. तिच्यात त्याच दिवशी बाटली समुद्रात सोडल्याची नोंद निघाली. दोन साक्षी जुळल्या, तेव्हा १३१ वर्षांपूर्वीचा निरोप खरा ठरला.

आपल्या गोव्यालाही समुद्रावरून येणाऱ्या निरोपांची सवय जुनी आहे. लिस्बनची जहाजे मोसमी वाऱ्यांवर येत-जात, म्हणून त्या पत्रव्यवहाराच्या बाडांना 'मोसमांची पुस्तके' असेच नाव पडले. जहाज बुडाले तरी निरोप बुडू नये, यासाठी एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या जहाजांनी पाठवीत. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची बाडे वेगळी. हे सारे दप्तर सत्तरीतल्या पिसुर्ले गावच्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर वाचले, लावले, छापले. १९६७ साली पुणे विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ आपल्यापैकी काहींच्या घरी असेल.

सरकारी दप्तराला पिसुर्लेकर भेटले. आपल्या घरच्या पेट्यांना कोण भेटणार?

आमचे घराणे मूळ पेडण्याचे, पण चार पिढ्या म्हापशात. घरात शिसवी पेटी, पेटीत एक पोर्तुगीज कागद. पणजोबांची बहीण, जिला घरात सगळे आक्का म्हणत, मुंबईला गिरगावात दिली होती. 'आक्काने माडांच्या भाटावरचा हक्क लिहून सोडला, कागद पेटीत आहे,' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कागद मात्र कोणीही वाचलेला नव्हता. त्यावरचे साल १८९३ आणि त्याअलीकडचा ७ चा आकडा, एवढेच सगळ्यांना वाचता येई. म्हणजे जुलै महिना.

मुंबईकर मंडळींचे म्हणणे निराळे. 'जुलैत बोटी बंद. आक्का मुंबईहून म्हापशाला आली कशी? कागद खोटा आहे.' यावरून शब्दाला शब्द लागला आणि आमच्या वडिलांच्या काळात त्यांचे चवथीला येणेच थांबले.

काही वर्षांपूर्वी पेटीला वाळवी लागली, तेव्हा तो कागद आम्ही बाहेर काढला. पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांकडे नेला. त्यांनी भिंग लावले आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवले. ''अरे, हे हक्कसोडपत्र नव्हे. 'प्रोकुरासांव' आहे, मुखत्यारपत्र! बहिणीने भावाला भाटाची देखरेख सांगितली आहे, आणि उत्पन्नातला तिचा वाटा पोचवायला सांगितले आहे.''

आम्ही गप्प झालो. पण तारखेचे काय? ते हसले. ७ च्या पुढे बारीक अक्षरांत 'ब्रो' असे होते, ते आम्ही शाईचा फराटा समजत होतो. जुन्या पोर्तुगीज लेखनात सप्टेंबर असा लिहीत. लॅटिनमध्ये 'सेप्तेम' म्हणजे सात. ८ आणि 'ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, ९ असेल तर नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली असेल तर डिसेंबर.

कागदाच्या तळाशी आक्काच्या यजमानांची मोडीतली सही होती. ती वाचायला दुसऱ्या जाणकाराकडे गेलो. सहीखाली मिती निघाली : भाद्रपद शुद्ध ६, शके १८१५. म्हणजे चवथ होऊन दोन दिवस. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडला, आक्का आणि तिचे यजमान चवथीला माहेरी आले, आणि परतण्याआधी भावावर विश्वास टाकून गेले. 'पाउला'च्या नोंदवहीसारखीच ही दुसरी साक्ष.

कागद खरा होता. तो खोटा म्हणणारे चुकले. पण जास्त चूक आमची. ज्या कागदाच्या जोरावर आम्ही आक्काचा हक्क नाकारला, त्याच कागदात तिचा हक्क लिहिलेला होता. तिने हिशेब मागितला होता. आम्ही तिला दानशूर ठरवून मोकळे झालो.

कागदाचा फोटो, दोन्ही वाचने आणि क्षमेचे चार शब्द आम्ही मुंबईला पाठवले. महिनाभर उत्तर आले नाही. मग आक्काच्या पणतीचा फोन आला. गेल्या चवथीला ती आली. माटोळीला त्याच भाटातली नारळाची पेंड तिच्या हातून बांधली. भाटाचा मोठा भाग केव्हाच विकला गेला आहे. उरलेल्या माडांचे काय करायचे, ते दोन्ही घरे मिळून ठरवीत आहोत.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशा बाटल्या आहेत, फक्त त्या समुद्रात नसून पेटीत आहेत. एवढेच सुचवतो. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. आधी चांगल्या उजेडात फोटो काढा. पोर्तुगीज कागद असेल तर महिन्यांच्या खुणा तपासा. मोडी असेल तर सुहूर सन, शक आणि मिती जुळवा. एकाच्या वाचनावर थांबू नका, दुसऱ्याला दाखवा. आणि घरात चालत आलेली गोष्ट आधी मनातून बाजूला ठेवा, कारण आम्ही कागद वाचण्याआधी गोष्टच वाचत होतो.

पोर्तुगीज आणि मोडी वाचणारे वडीलधारे आपल्यात आज आहेत. या चवथीला नातवंडांना घेऊन त्यांच्या घरी जा, आणि जाताना पेटीतला कागद सोबत न्या.

गणपती बाप्पा मोरया!