सरकता मोबाइल आणि गटाचं कर्ज

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर घासता घासता ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईंनी कर्ज मागितलं. बियाण्याला नाही, शेळीला नाही, दवाखान्यालाही नाही. बारावीतल्या मुलाला मोबाइल घ्यायला, दहा हजार रुपये! मुलानं जेवण सोडलं होतं म्हणे. बैठकीत दोन तट पडले. कुणी म्हणालं, "पोराचे लाड गटाच्या पैशानं कशाला?" कुणी म्हणालं, "तिची बचत आहे, हप्ते ती फेडणार, आपण कोण अडवणार?" मग ठरलं, आधी ती वस्तू बघू तरी.

माझा भाचा पुण्याला कंपनीत आहे. त्याच्याकडे नेमका तोच मोबाइल निघाला. नोकिया ५३०० एक्स्प्रेसम्युझिक. कंपनीनं २००६ च्या सप्टेंबरात हा जाहीर केला. रविवारी भाचा आला, त्याला बैठकीतच बसवलं.

हा मोबाइल काडेपेटीसारखा सरकतो. वरचा भाग अंगठ्यानं वर ढकलला की खालून आकड्यांची बटणं बाहेर येतात. मिटलेला असताना नुसता पडदा दिसतो, आणि पडद्याच्या शेजारी गाण्याची बटणं. गाणं लावायचं, थांबवायचं, पुढचं घ्यायचं. त्यासाठी मोबाइल उघडावाही लागत नाही. मागे कॅमेरा आहे. आत नखाएवढं मेमरी कार्ड बसतं. एका गाण्याला साधारण चार-पाच एमबी जागा लागते. दोन जीबीचं कार्ड टाकलं तर चारशेच्या आसपास गाणी मावतात. पोरांना वेड का लागतं ते कळलं.

आता खर्चाचं बघू. आमच्या गटात व्याज शेकडा दोन, महिन्याला. दहा हजार घेतले आणि दरमहा हजार मुद्दल फेडलं, तर पहिल्या महिन्यात व्याज दोनशे, दुसऱ्या महिन्यात एकशे ऐंशी, असं उतरत जातं. दहा महिन्यांत व्याजाचेच अकराशे होतात. म्हणजे मोबाइल पडला अकरा हजार शंभरला. वर रिचार्ज वेगळं. शिवाय कॉलर ट्यून. चुकून एखादं बटण दाबलं की दर महिन्याला पैसे कापले जातात आणि आपण म्हणतो, "बॅलन्स कुठं गेला?" म्हणून रिचार्ज केल्यावर बॅलन्स कागदावर लिहून ठेवा. न बोलता कमी झाला तर लगेच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून ती सेवा बंद करायला सांगा.

आणखी एक. सरकत्या मोबाइलच्या दोन भागांना आतून एक पातळ पट्टी जोडते. दिवसातून शंभर वेळा वर-खाली केलं की कधीतरी ती झिजते, मग पडदा काळा पडतो. सरकायच्या फटीत धूळही जाते. ज्याला रानात, मळणीवर मोबाइल न्यायचा आहे, त्याला बॅटरी असलेला साधा मोबाइल बरा. नोकियाचाच ११०० तसा होता, त्याची बटणं धूळ आत जाऊ नये अशी केलेली होती आणि उजेडाला टॉर्च होता. भारनियमनात कामाला यायचा. गाणी वाजवत राहिलं की चार्जिंगही लवकर उतरतं, हे वेगळं सांगायला नको.

एवढं ऐकून ताईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, यात आवाजही भरता येतो." आमच्या गटात पंचाहत्तरीच्या एक आजी आहेत. त्यांना म्हटलं, जात्यावरची ओवी म्हणा. आधी लाजल्या, मग चार ओव्या म्हटल्या. भाच्यानं मोबाइल पुढं धरला होता. नंतर बटण दाबून ऐकवलं. आजी म्हणाल्या, "ही कोण म्हातारी गातीय?" सगळ्या हसलो. आजींनी मात्र परत लावायला सांगितलं. तीन वेळा ऐकलं.

हसू थांबलं तेव्हा कर्ज मागणाऱ्या ताई हळूच बोलल्या, "माझ्या सासूबाईंना रात्रभर पुरतील एवढ्या ओव्या येत होत्या. गेल्या, त्यांच्याबरोबर गेल्या. मला दोनच आठवतात."

मैत्रिणींनो, पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांना बरोबर घेऊन जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या कामाला टेपरेकॉर्डर लागला, माणसं लागली, वर्षं लागली. आज आवाज भरायचं यंत्र पोराच्या खिशात आहे. बोलण्याचा आवाज फार कमी जागा घेतो. जिथं एक गाणं मावतं, तिथं जवळजवळ तासभराचं बोलणं मावतं. आवाज थोडा डब्यातून आल्यासारखा येतो, पण शब्द कळतात. चाल कळते.

आणि त्या मोबाइलमध्ये एफएम रेडिओही आहे. कानाला लावायची वायर जोडलेली हवी, कारण तीच एरियलचं काम करते. वायर काढली की खरखर. संस्थांना असं सामुदायिक रेडिओ केंद्र चालवायची परवानगी सरकारनं २००६ च्या नोव्हेंबरात दिली. त्यात अट आहे की निदान निम्मे कार्यक्रम इथल्या लोकांच्या सहभागातून व्हावेत. इथले लोक म्हणजे आपणच की! मोबाइलमध्ये भरलेल्या ओव्या आम्हाला आणून ऐकवा. आवडल्या तर त्या आजींनाच स्टुडिओत बोलावू, नीट भरून घेऊ.

मग कर्जाचं काय झालं? गटानं ठरवलं, निम्मे पैसे मुलानं कमवायचे, निम्मे गट देईल. म्हणजे व्याज अकराशेऐवजी साडेपाचशे. मोबाइलची पावती ताईंच्या नावावर. आणि दर बुधवारी संध्याकाळी मोबाइल ताईंच्या हातात, मुलानं शेजारी बसून शिकवायचं. मुलगा आधी फुगला. आता सुट्टीच्या दिवशी रोजानं जातोय. त्याचे अजून दोन हजार कमी आहेत. पण जेवायला लागलाय.

तुमच्या गटात असा अर्ज आला तर झटकन "नाही" म्हणू नका, झटकन "हो"ही नको. तीन गोष्टी विचारा. व्याज धरून वस्तू कितीला पडते? बिघडली तर दुरुस्ती कुठं, कितीत? आणि जी हप्ते फेडणार, तिच्या हातात ती वस्तू कधी येणार? हा तिसरा प्रश्न आपण विचारायला विसरतो. पैसे आईचे, वस्तू पोराची, आणि आईला साधा फोन उचलायचं बटणही ठाऊक नाही, असं घरोघरी दिसतं.

घरात मोबाइल आधीच आला असेल, तर उद्याच एक काम करा. पोराला नाहीतर नातवाला म्हणा, आवाज कसा भरतात ते दाखव. मग सासूबाईंच्या नाहीतर आईच्या शेजारी बसा, म्हणावं, "एक ओवी म्हणा." चारशे गाण्यांत एवढी एक जागा त्यांच्यासाठी ठेवा.

येते मी. नमस्कार.