ओढ्यातील प्लॅस्टिक आणि समुद्रातील जीवसृष्टी



पुणे-सातारा महामार्गालगतच्या वरवे बुद्रुकसारख्या गावाला समुद्र दूरचा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पाण्याचा मार्ग निराळेच सांगतो. शिवगंगा गुंजवणीला व गुंजवणी नीरेला मिळते. नीरा नरसिंहपूर येथे भीमेत, भीमा रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा अखेर बंगालच्या उपसागरात विलीन होते. गावच्या ओढ्यात टाकलेली पिशवी पावसाच्या लोंढ्याबरोबर याच वाटेला लागते. काही कचरा वाटेतील वीर, श्रीशैलम, नागार्जुनसागर यांसारख्या जलाशयांच्या गाळात अडकतो. उरलेला पुढे जातो.

प्लॅस्टिक कुजत नाही. ऊन व लाटांच्या माऱ्याने ते ठिसूळ होते आणि त्याचे तुकडे होत जातात. पाच मिलिमीटरहून लहान कणांस सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली याकडे जगाचे लक्ष वेधले. कृत्रिम धाग्यांचे कपडे धुताना सुटणारे तंतू आणि टायरांची झीज यांचीही त्यात भर पडते.

पाण्यातील सूक्ष्म प्राणी, कालवे व शिंपले पाणी गाळून अन्न मिळवितात. त्याबरोबर हे कणही त्यांच्या पोटात जातात. पोट भरते, पण पोषण होत नाही. अशा जीवांची वाढ व प्रजनन मंदावल्याचे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. या सूक्ष्म प्राण्यांवर तारली व बांगडा जगतात, त्यांच्यावर मोठे मासे. आणि ही साखळी माणसाच्या ताटापर्यंत पोहोचते.

समुद्रात विखुरलेले हे कण पुन्हा वेचून काढणे जवळजवळ अशक्य आहे. पिशवी मात्र अखंड असेपर्यंत लहान मूलही उचलू शकते. म्हणूनच खरा उपाय गावातच आहे.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक बंदीची अधिसूचना काढली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या ठराविक वस्तूंवर बंदी घातली. स्वच्छ भारत अभियानाच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्राची तरतूद आहे. तथापि, केंद्रापर्यंत कचरा पोहोचविण्याचे काम गावाचेच. ग्रामपंचायतीने सुका कचरा वेगळा गोळा करावा, तो जाळू देऊ नये आणि मृगाच्या पावसापूर्वी ओढे साफ करून घ्यावेत. शिक्षकांनी मुलांना नकाशावर शिवगंगेपासून समुद्रापर्यंतचा मार्ग दाखवावा. गृहिणींनी बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी.

वरव्याच्या ओढ्यात अडविलेली प्रत्येक पिशवी समुद्रातील असंख्य कणांना अडविते, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.