चाळीस पैशांचे पान

दिल्ली विद्यापीठातील ‘दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नामांकित संस्थेच्या आवारात ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ नावाचे एक लहानसे दुकान होते. जागा विद्यापीठाने दिलेली, आणि पानामागे ४० पैसे हा दरही विद्यापीठानेच बांधून दिलेला. प्राध्यापक नेमलेल्या वाचनाची यादी करीत. या ग्रंथातले एक प्रकरण, त्या ग्रंथातली वीस-पंचवीस पाने, अशी ती यादी असे. दुकानदार त्या पानांच्या छायाप्रती, म्हणजे ज्यांना सारा देश झेरॉक्स म्हणतो त्या, काढून त्यांची चोपडी बांधी आणि विद्यार्थी ती विकत घेत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची प्रकाशनगृहे आणि टेलर अँड फ्रान्सिस ही संस्था यांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दिल्लीच्या उच्च न्यायालयात दावा लावला. आपल्या प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, येथे उघड भंग होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रकाशकांची बाजू अगदीच पोकळ होती असे नव्हे. एखाददुसरे पान उतरवून घेणे निराळे आणि प्रकरणेच्या प्रकरणे बांधून विकणे निराळे. हा दुसरा उद्योग म्हणजे एक प्रकारचे प्रकाशनच होय, तेव्हा त्यासाठी परवाना घ्यावा आणि माफक शुल्क भरावे, असे ते म्हणत. उलट, वीस ग्रंथांतले एकेक प्रकरण वाचावयाचे असता वीसही महागडे ग्रंथ विकत घेणे कोणत्या विद्यार्थ्याला शक्य आहे, हा विद्यापीठाचा प्रश्न होता. या वादात खरा विस्मय वाटावा अशी गोष्ट वेगळीच घडली. ज्यांच्या नावे हा हक्क सांगितला जात होता ते ग्रंथकारच पुष्कळ संख्येने विद्यार्थ्यांच्या बाजूस गेले. तीनशेहून अधिक विद्वानांनी दावा मागे घ्यावा अशी विनंती केली, आणि दाव्यात उल्लेखिलेल्या ग्रंथांचे काही लेखकही त्यांत होते. विद्वान ग्रंथकाराचा चरितार्थ मानधनावर चालत नाही, अध्यापनाच्या वेतनावर चालतो. आपले लिखाण वाचले जावे, हेच त्याचे खरे मानधन.

प्रताधिकार ही जमीनजुमल्यासारखी वडिलोपार्जित मालमत्ता आहे असा समज आज सर्रास आढळतो. तिचा इतिहास वेगळे सांगतो. या विषयावरचा पहिला कायदा इंग्लंडात राणी ॲनच्या कारकिर्दीत १७१० साली अमलात आला. विद्येस उत्तेजन देणे हाच आपला हेतू असल्याचे त्याने नावातच जाहीर केले होते. नव्या ग्रंथाच्या कर्त्यास त्याने १४ वर्षांचा हक्क दिला, आणि कर्ता हयात असल्यास आणखी १४ वर्षांचा. म्हणजे हा एक करार होता. समाजाने काही काळ लेखकाची मक्तेदारी मान्य करावयाची, आणि मुदत सरली की ग्रंथ सर्वांचा व्हावयाचा.

पुढे ही मुदत लांबत गेली. भारताच्या १९५७ च्या कायद्यात ती लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले, तेव्हा १९९१ अखेर त्यांचे साहित्य मोकळे व्हावयाचे. पण विश्वभारतीकडील हक्क संपू नये म्हणून १९९२ साली कायदाच बदलला आणि मुदत ६० वर्षे झाली. वाढीव दहा वर्षे अर्थातच एकट्या रवींद्रनाथांपुरती राहिली नाहीत. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची ‘श्यामची आई’ २००१ पासून कोणासही छापता आली असती, ती २०११ पासून छापता येऊ लागली. एका महाकवीच्या सन्मानार्थ सर्व भाषांतील वाचकांनी दहा वर्षे थांबावे, हा सन्मानाचा प्रकार जरा अजबच म्हणावयाचा.

दिल्लीच्या खटल्याचा निकाल १६ सप्टेंबर २०१६ रोजी लागला. १९५७ च्या कायद्यातील ५२ व्या कलमात, शिक्षकाने अथवा विद्यार्थ्याने शिकविण्याच्या ओघात केलेली नक्कल हा अपराध नव्हे, अशी तरतूद आहे. प्रश्न एवढाच होता की हा ‘ओघ’ वर्गाच्या चार भिंतींत संपतो काय? न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो वर्गाबाहेरही वाहतो असे ठरविले, आणि दावा फेटाळला. पूर्वीचे विद्यार्थी ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत, ते कोणी अपराध मानले नाही. मग तेच काम यंत्राने झटपट केले एवढ्याने तो अपराध कसा होईल, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. त्याच वर्षी डिसेंबरात द्विसदस्य पीठाने हे तत्त्व मान्य केले. किती पाने घेतली हे मोजण्यापेक्षा शिक्षणाच्या हेतूसाठी तेवढी आवश्यक होती काय हे पाहावे, असे त्या पीठाने सांगितले. पुढे २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला, आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयात हात घालण्याचे नाकारले.

निकाल योग्यच झाला. पण ज्या दृष्टान्तावर तो उभा आहे तो इंटरनेटच्या दारापर्यंतच साथ देतो. हाताने उतरविण्यास श्रम पडतात, झेरॉक्सला कागद आणि ४० पैसे लागतात. इंटरनेटवरील प्रतीस यांपैकी काहीच लागत नाही. एकाने चढविलेली प्रत रात्रीतून लाखाच्या हाती जाते, आणि लाखावी प्रत पहिलीइतकीच स्वच्छ असते. यापेक्षाही मूलगामी असा एक फरक आहे. छापील पुस्तक विकत घेतले, मित्राला दिले, रद्दीत विकले, तरी कायद्याला त्याचे सोयरसुतक नसते. वाचनास कधीच कोणाची परवानगी लागली नाही. संगणकावर मात्र पान नुसते डोळ्यांपुढे यावयाचे तरी यंत्राला आपल्या स्मृतीत त्याची प्रत करावीच लागते. म्हणजे वाचन हीच नक्कल झाली! अशा क्षणिक, आनुषंगिक प्रती अपराध नव्हेत असे २०१२ च्या दुरुस्तीस मुद्दाम लिहावे लागले.

चौर्य कोठे सुरू होते हा वाद सर्वांत कडवट झाला तो संशोधनपत्रिकांच्या बाबतीत. संशोधक आपला निबंध विनामूल्य देतो, त्याचे परीक्षण दुसरे संशोधक बहुधा विनामूल्य करतात, आणि छापून आल्यावर तोच निबंध वाचावयास त्यांच्याच ग्रंथालयांना भारी वर्गणी भरावी लागते. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ साली ‘साय-हब’ हे संकेतस्थळ उघडले आणि असे लक्षावधी निबंध कोणालाही फुकट वाचता येतील असे केले. एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०२० च्या डिसेंबरात दिल्लीतच त्यांच्यावर दावा गुदरला. प्रकाशकांचे नवे निबंध चढविणार नाही अशी हमी न्यायालयात देण्यात आली होती. ती मोडल्याच्या कारणावरून २०२५ च्या ऑगस्टमध्ये हे संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश झाला. शिक्षणाचा ओघ साय-हबपर्यंत पोहोचतो काय, या मूळ प्रश्नाचा निवाडा त्या आदेशाने झालेला नाही.

परंतु संशोधकाच्या निबंधास लागू पडणारा न्याय कादंबरीस, कवितासंग्रहास किंवा शब्दकोशास जसाच्या तसा लावता येणार नाही. मराठीत गंभीर पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची, कधी त्याहूनही कमी. ती संपावयास काही वर्षे लागतात, आणि तिच्या विक्रीवरच पुढचे पुस्तक निघणार की नाही हे ठरते. असे पुस्तक बाजारात आल्यावर त्याची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटागटांतून फिरू लागली, तर त्यात कोणा बलाढ्य परदेशी प्रकाशकाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते पेठेतल्या एका छोट्या प्रकाशकाचे आणि पाच-सात वर्षे खपून कोश रचणाऱ्या माणसाचे. त्या लेखकाला वेतन देणारे विद्यापीठ पाठीशी नसते. ती पीडीएफ पाठविणारा स्वतःला वाचनसंस्कृतीचा प्रसारक समजतो, ही आणखी एक गंमत. ‘ज्ञान सर्वांचे आहे’ हे वाक्य साय-हबच्या बाजूने उच्चारताना जितके खरे वाटते, तितके ते येथे खरे राहत नाही.

कायद्याने मनावर घेतले तर हा भेद त्याला करता येतो. अंध व्यक्तींसाठी पुस्तकाची ब्रेल अथवा श्राव्य प्रत करण्यास २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली. याच विषयावरील माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करारास २०१४ च्या जूनमध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. गरज कोणाची आणि कशासाठी, हे पाहून येथे सवलत दिली गेली, आणि तिच्यामुळे एकही प्रकाशनगृह बुडाल्याचे ऐकिवात नाही.

संशोधनपत्रिकांसाठी शासनाने आता दुसरा मार्ग धरला आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस २०२४ च्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. २०२५ च्या आरंभापासून केंद्र व राज्य शासनांच्या सुमारे ६,३०० संस्थांतील विद्यार्थी व अध्यापक यांना डोळ्यांपुढे ठेवून ती सुरू झाली. पैसा अखेर त्याच प्रकाशकांकडे जातो हे खरे. पण वाचकाला चोरवाट धुंडाळावी लागत नाही, हेही थोडे नव्हे. शासकीय संस्थेत ज्याचे नाव नाही, असा तालुक्याच्या गावी व्यवसाय करणारा डॉक्टर किंवा पदवी घेऊन बाहेर पडलेला अभ्यासक, त्याला मात्र या योजनेचे दार उघडलेले नाही. शिवाय ही योजना नियतकालिकांची आहे, ग्रंथांची नव्हे. ज्या प्रकरणांवरून दिल्लीचा खटला चालला, तसली प्रकरणे वाचावयाची तर विद्यार्थ्याला अद्याप झेरॉक्सच्या दुकानापुढेच उभे राहावे लागते.