सरकारी लिलाव : बोलीपूर्वीची पाहणी



वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला लिलाव नवा नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली म्हणजे व्यापारी कापूस हातात घेतो, धागा ओढून पाहतो, ओलावा अजमावतो आणि मगच बोली लावतो. माल न पाहता बोलणारा या बाजारात फार दिवस टिकत नाही. परंतु तोच शेतकरी किंवा त्याचा मुलगा सरकारी लिलावात खरेदीदार म्हणून उभा राहतो, तेव्हा मात्र हा धडा पुष्कळदा विसरला जातो.

सरकारी कार्यालयातील टेबल, कपाटे, यंत्रे यांची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत असते. वस्तू निरुपयोगी ठरली म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने तिचे निर्लेखन होते, राखीव किंमत ठरविली जाते आणि जाहीर लिलाव पुकारला जातो. ही वस्तू जनतेच्या पैशातून आलेली असते. ती मर्जीतील माणसाला परस्पर देता येऊ नये, हाच जाहीर लिलावाचा हेतू होय. काही बोलीदारांनी आपसांत संगनमत करून भाव पाडला, तर सरकारी तिजोरीचे नुकसान होते आणि प्रामाणिक लहान खरेदीदारही बाहेर फेकला जातो.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ अन्वये हातोडा पडताच किंवा रूढ रीतीने घोषणा होताच विक्री पूर्ण होते. तोपर्यंत बोली मागे घेता येते. तथापि सरकारी लिलावाच्या अटींत बोली मागे घेतल्यास अनामत रक्कम जप्त करण्याची तरतूद असू शकते. म्हणून लिलावाची सूचना आणि अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे अगत्याचे आहे.

'जेथे आहे तेथे, जशी आहे तशी' हा या लिलावांतील नेहमीचा शब्दप्रयोग. त्याचा अर्थ असा की, वस्तूतील दोषाची आणि ती उचलून नेण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. समजा, देवळी तालुक्यातील एका लोहाराने दोन हजार किलो लोखंडी भंगारासाठी ५०,००० रुपयांची बोली लावली. भाव किलोला २५ रुपये पडला, असे त्याला वाटेल. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कराचे ९,००० रुपये आणि मजुरी-वाहतुकीचे ६,००० रुपये धरल्यास खर्च ६५,००० रुपये होतो, म्हणजे किलोला साडेबत्तीस रुपये. माती आणि गंज वजा जाता उपयोगी लोखंड १,६०० किलोच निघाले, तर हाच भाव चाळिशी ओलांडतो. पाहणीच्या दिवशी ढीग उलटून पाहण्याचे कष्ट टाळल्याने एका कुटुंबाचे भांडवल असे अडकून पडते.

वाहनांबाबत तर विशेष सावध राहावयास हवे. सरकारी जीप स्वस्तात घेऊन ती भाड्याने चालविण्याचा विचार पूर्वी अनेक तरुण करीत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी व परिवहन महामंडळांच्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. संरक्षण व अंतर्गत सुरक्षेची काही विशेष वाहने तेवढी त्यास अपवाद आहेत. अशी गाडी नोंदणीकृत केंद्रात मोडीतच निघावयाची असते. ती रस्त्यावर धावेल, असे सांगणाऱ्या मध्यस्थावर विश्वास ठेवू नये. आता बरेच लिलाव संगणकावर होतात; १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही केंद्र सरकारची कंपनी असे ई-लिलाव चालविते. नोंदणी आणि अनामत अधिकृत संकेतस्थळावरच भरावी, कोणाच्या खासगी खात्यात नव्हे.

या जिल्ह्याला आणखी एक इशारा द्यावा लागतो. २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या परिसरात जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन माणसे दगावली. लष्करी धातूचा तुकडा किती घातक असू शकतो, हे त्यावरून ध्यानी यावे. असा माल पावतीविना कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो घेणे हा कायद्याशी आणि जिवाशीही खेळ आहे. असा तुकडा शेतात आढळला, तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे.

कापसाची बोंडे पारखणारी नजर या जिल्ह्यापाशी आहेच. तीच नजर घेऊन खरेदीदाराने लिलावाच्या आवारात जावे, बोलीची मर्यादा घरीच कागदावर लिहून ठेवावी आणि भाव तिच्यापलीकडे गेला तर रिकाम्या हाताने परत यावे. त्यात कमीपणा नाही. वाचलेले भांडवल पुढच्या लिलावात त्याच्याच उपयोगी पडेल.