तापातही हजेरी

(पनवेल येथे विद्यार्थी कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



पश्चिम भारतात फ्लूचा जोर पावसाळ्यात वाढतो, आणि आपली महाविद्यालये भरतात तीही पावसाळ्यातच. मग सूचनाफलकावर उपदेश झळकतात: हात धुवा, खोकताना तोंड झाका, ताप आल्यास घरी थांबा. यांतील एकही सूचना चुकीची नाही. परंतु घरी थांबण्याची मुभा पनवेलमधील किती विद्यार्थ्यांना आहे, याचा विचार फलक लिहिणाऱ्याने केलेला नसतो.

सकाळी तासांना बसून दुपारनंतर कळंबोलीच्या गोदामात अथवा तळोज्याच्या कारखान्यात राबणारा मुलगा घ्या. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. इकडे ७५ टक्के हजेरीची अट. आजारपणाची सवलत हवी तर डॉक्टरचा दाखला आणा; म्हणजे फी भरा आणि खोकणाऱ्यांच्या रांगेत तासभर बसा. तेव्हा तो तापाची गोळी घेतो आणि वर्गात येतो. गोळीने ताप उतरतो, संसर्ग थांबत नाही. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोगी इतरांना लागण करू शकतो. अशा मुलाला बेजबाबदार ठरवणे मला मान्य नाही. त्याच्यावर ही पाळी आणणारी व्यवस्था बेजबाबदार आहे.

हे काही आजचे नव्हे. जून १९१८ मध्ये फ्लू मुंबई बंदरातून आत शिरला. त्या साथीत मुंबईतील कनिष्ठ मानलेल्या हिंदू जातींत मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते; युरोपियनांत ते ८.३ होते. रोग एकच होता. चाळीतील खोली आणि हवेशीर बंगला यांत काय अंतर असते, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यामुंबईच्या शाळा-महाविद्यालयांना आठवडाभर टाळे लागले. घबराटीच्या त्या दिवसांत तो उपाय समजण्यासारखा होता. पण टाळे उघडल्यावर वर्ग तेच, गर्दी तीच आणि हजेरीचा नियमही तोच राहिला.

म्हणून आपली पहिली मागणी अशी की, ताप आलेल्या विद्यार्थ्यास पाच दिवसांची सूट डॉक्टरच्या दाखल्याशिवाय मिळावी आणि बुडालेली प्रात्यक्षिके पुन्हा घ्यावीत. काही जण सवलतीचा गैरफायदा घेतील, घेऊ देत. सगळा वर्ग आजारी पडण्यापेक्षा ते स्वस्त आहे. पावसाची झड येते म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद ठेवतात. बाहेरून पत्र्याची झडप बसवली तर त्या उघड्या राहू शकतात. फ्लूची लस दरवर्षी नव्याने घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. निदान दमा, मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना ती महानगरपालिकेने मोफत द्यावी.

काही कामे मात्र मागणीची वाट पाहणारी नाहीत. भाड्याच्या एका खोलीत चौघे-पाच जण राहतात. आजारी सोबत्याला खिडकीजवळ जागा, मऊ भात आणि वहीची नक्कल पोचवणे आपल्या हातात आहे. धाप लागली, छातीत दुखू लागले अथवा भ्रम झाला तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे.

प्राचार्यांना द्यावयाचे निवेदन तयार आहे. गोदामांच्या ठेकेदारांशी पगारी रजेचे बोलायला कोणी जायचे, ते आज येथेच ठरवून उठू.